भाळवणीकरणीचं नाव

2023 च्या पितृपक्षात हे सुरू झालं. वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. गावाकडे आमच्यात म्हाळ म्हणजे आगारी, विस्तवावर नैवेद्याचा घास, टाकायची, चार माणसं जेवू घालायची, की झालं. पण दादा पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, त्याच्या सोसायटीत सगळे गुरुजी बोलावतात, म्हणून त्यानंही बोलावले. गुरुजी तरुण होते आणि त्यांना पुढची दोन घरं गाठायची होती. वडिलांचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं. दादानं धडाधड सांगितलं. मग आई, आजी, पणजी. दोन झाली आणि तिसरीला दादा माझ्याकडे बघायला लागला. मी आत्याकडे बघितलं. आत्या ब्याऐंशीची. ती म्हणाली, "भाळवणीकरीण."

गुरुजींनी पळी तशीच धरली. "ते माहेर झालं. नाव?"

"नाव काय ठावं. समदी भाळवणीकरीनच म्हणायची."

"असू दे. नाव माहीत नसेल तर नातं म्हणा, चालतं."

पाणी ताम्हणात पडलं, जेवणं झाली, गुरुजी गेले. भांडी घासताना माझ्या डोक्यातून ते जाईना. चार एकर रान, पडका वाडा, आजोबांच्या हट्टाच्या गोष्टी, सगळं आम्हाला ठाऊक आणि त्यांना जिनं वाढवलं तिचं साधं नाव नाही.

मी इतिहासाची नाही. बँकेत नोकरी करते. पुढचं सगळं वर्षभरात सुट्ट्या काढून केलेलं आहे आणि त्यात चुका भरपूर आहेत. कुणाला असंच काही शोधायचं असेल तर निदान माझे हेलपाटे तरी वाचतील, म्हणून लिहिते.

पहिलं काम आत्याशी बोलणं. कचेरीत जाण्याच्या आधी हे करा, आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून करा. मी वहीत लिहून घेत होते तर ती माझ्या वहीकडे बघून अडखळायची. फोन उशीशेजारी ठेवला आणि तिला विसर पडला. दोन दुपारी मिळून तासभर बोलली. त्यातून हाती आलं ते एवढं: भाळवणीकरीण उंच होती, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं, आत्या दुसरीत असताना ती गेली. आजोबा एकुलते एक. आणि पणजोबा, म्हणजे ज्ञानू, आंब्यावरून पडून गेले. "मान मोडून मेला. माझा बा तवा सा-सात वर्साचा हुता."

आंबा उतरायच्या दिवसांतली गोष्ट म्हणून घरात हे कायम सांगितलं जायचं. लहानपणी त्या आंब्याखालून जाताना आम्ही वर बघायचो.

भाळवणीचाही घोळ होताच. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात एक भाळवणी, सोलापूरकडे पंढरपूर तालुक्यात दुसरी, नगरकडे पारनेरात तिसरी. आमचं गाव येरळा नदीच्या काठचं, त्यामुळे जवळची खानापूरचीच असणार असं मी धरलं. पण 'असणार' हा शब्द वहीत वेगळ्या शाईनं लिहायची सवय मी तेव्हा लावून घेतली. ऐकलेलं निळ्या, कागदावर बघितलेलं काळ्या आणि आपण धरून चाललेलं लाल शाईनं. पहिल्या महिन्यात वही सगळी निळी आणि लाल होती.

ऑक्टोबरच्या शेवटी ऑनलाइन सातबारा काढला. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांना मिळतो. त्यात पूर्वज कुठून असणार, आजच्या मालकांची नावं असतात. पण खाली वर्तुळांत फेरफारांचे नंबर असतात, आणि खरी शिडी तीच. जमिनीवरचं एखादं नाव बदललं की फेरफार होतो. कोणी मेलं, विकलं, गहाण टाकलं, वाटणी झाली, प्रत्येकाची नोंद. एका फेरफारावरून त्याच्या आधीच्यावर असं मागं मागं जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, तेव्हा नशीब चांगलं असेल तर त्या काळापर्यंत पाय टेकतात.

मी अडकले गट नंबरावर. जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि त्याच्या आधीचं सगळं सर्व्हे नंबरानं लावलेलं. आजचा गट म्हणजे कुठला जुना सर्व्हे, हे सांगणारा कागद म्हणजे एकत्रीकरणाचा 9(3) 9(4) चा उतारा. हे मला गावच्या तलाठ्यानं सांगितलं. तोवर मी भलत्याच माणसाची वंशावळ दोन आठवडे काढत बसले होते. त्या माणसाच्या चार पिढ्या मला अजून पाठ आहेत.

20 नोव्हेंबरला, दिवाळीनंतरच्या सोमवारी, पहाटेच्या एस.टी.नं तालुक्याला गेले. बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात झाला. तहसीलच्या आवारात जत्रा भरलेली. सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली होती आणि नोव्हेंबरात राज्यभर मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं होतं. वर्षानुवर्षं न उघडलेले बस्ते बाहेर आले होते. व्हरांड्यात टेबलं मांडून मुलं पानं स्कॅन करत होती, तोंडाला रुमाल बांधलेले, बोटं काळी. जुन्या कागदाचा, वाळवीच्या पावडरीचा आणि चहाचा मिळून एक वास सगळीकडे होता.

खिडकीवरच्या बाबूंनी विचारलं, "प्रमाणपत्रासाठी?"

"नाही. पणजीचं नाव शोधायचंय."

"मग जमिनीचा दावा आहे?"

"नाही हो. नुसतं नाव."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. पुढच्या चार खेपांत मी 'नाववाल्या मॅडम' झाले. त्याचा फायदाच झाला, कारण ओळख राहिली.

अर्जाबद्दल थोडं. अर्ज साध्या कागदावर, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तिकीट आवाराबाहेरच्या स्टँप व्हेंडरकडे मिळतं आणि दुपारी दोननंतर ते संपलेलं असतं, म्हणून सकाळीच दोन-चार घेऊन ठेवावीत. अर्जात "आमच्या पूर्वजांची सर्व कागदपत्रे मिळावीत" असं लिहू नका. मी तसंच लिहिलं होतं. बाबूंनी न रागावता कागद परत सरकवला आणि म्हणाले, "सर्व म्हणजे काय देऊ? गोदाम?" गावाचं नाव, सर्व्हे नंबर, कागदाचं नाव आणि सालं, एवढं नेमकं हवं. 'मौजे अमुक, जुना सर्व्हे नंबर अमुक, हक्क नोंदणी पत्रक व फेरफार, सन 1910 ते 1935' असं दुसऱ्यांदा लिहिलं. आधारची झेरॉक्स जोडली. नकलेसाठी तीन आठवड्यांनी या म्हणाले.

आणखी एक. सांगली हा जिल्हा म्हणून 1949 सालचा. तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं, सांगली नाव पडलं 1960 मध्ये. त्याआधी आमचा तालुका साताऱ्यात. त्यामुळे कधीकधी तालुक्याला न सापडलेला जुना कागद साताऱ्याला असू शकतो. संस्थानी गावं असतील तर तऱ्हा आणखी वेगळी. आपलं गाव त्या साली कुणाच्या राज्यात होतं हे आधी बघून घ्यावं, म्हणजे चुकीच्या दारात उभं राहावं लागत नाही.

त्याच आठवड्यात गावाहून नानाचा फोन आला. नाना म्हणजे माझा चुलतभाऊ, रान तोच कसतो.

"आक्का, बरी हाईस न्हवं? काय अडचण हाय का?"

"नाही रे. का?"

"न्हाई, तालुक्याला तू जुनं फेरफार काढालीस म्हणं."

मी पणजीचं नाव वगैरे सांगायला लागले. तो "हां, हां" करत राहिला. त्या "हां"चा अर्थ मला फोन ठेवल्यावर कळला. माहेरची पोरगी अचानक पुण्याहून येऊन जुने फेरफार मागते, ते कशाला? मुलींना हिस्सा मिळतो हे आता गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला राग आला, मग हसू आलं, मग थोडं वाईट वाटलं. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. रविवारी गावी गेले, त्याच्या सोप्यात बसून माझी तीनरंगी वही त्याच्यापुढे ठेवली. जे काही मिळेल त्याची एक झेरॉक्स तुझी, असं सांगितलं. त्यानं वही उलटीपालटी करून बघितली आणि वहिनीला म्हणाला, "च्या टाक." मोकळं असं काही बोलला नाही. पण हे मी आधीच करायला हवं होतं. कुठलाही अर्ज देण्याआधी गावातल्या भावकीला सांगा. कचेरीतली बातमी तुमच्याआधी गावात पोचते.

11 डिसेंबरला नकला मिळाल्या. सगळ्या मिळून शंभर रुपयांच्या आत. हातात घेतल्या आणि बसस्टँडच्या बाकावर बसून उघडल्या, तर एक अक्षर लागेना. सगळं मोडी.

मोडी आपण ऐकून असतो, पण समोर आल्यावर वेगळीच असते. आधी पानभर आडव्या रेघा ओढलेल्या आणि मग त्या रेघेला अक्षरं लोंबकळत गेलेली, लेखणी न उचलता. शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आकडे तेवढे आपले ओळखीचे. एका नकलेवर मला '1919' दिसला आणि त्याच्या आजूबाजूला नुसतं जंगल.

पुण्यात मोडीचे एक जाणकार गृहस्थ मिळाले. पानाला दोनशे रुपये घेत होते, त्या महिन्यांत मागणीच तशी होती. मी सात पानं दिली. त्यांनी माझ्यासमोरच बसून वाचायला सुरुवात केली, आणि चौथ्या पानाला थांबले.

"हे घ्या. 'ज्ञानू बिन तुकाराम हे मयत झालेवरून त्यांचे वारस मुलगा पांडू वय वर्षे 7 अज्ञान, सबब अज्ञान पालन करणार आई…'"

इथे ते अडले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते.

"स… सखू? का सगू? शाई पसरलीय. थांबा." त्यांनी भिंग घेतलं आणि त्याच पानावर वर कुठेतरी शोधायला लागले. "फेरफाराच्या पानावर एक शब्द हमखास असतो. खरेदी. लिहिणारा हात तोच. त्याचा ख बघू कसा आहे." वरच्या एका नोंदीत 'खरेदीखत' सापडलं. भिंग खाली, वर, परत खाली. "खच आहे. सखू. 'आई सखू कोम ज्ञानू.'"

बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. जुन्या कागदात माणूस बापाचा नाहीतर नवऱ्याचा असल्याशिवाय पुढे जात नाही.

त्या नोंदीच्या शेवटी एक काळा डाग होता. मला वाटलं झेरॉक्सचा. ते म्हणाले, अंगठा आहे, शेजारी लिहिलंय, 'निशाणी डावे हाताचा अंगठा'. पुढच्या खेपेला मी मूळ पान बघायला मागितलं. मिळालं. रेषा दिसत होत्या. अंगठ्याच्या मधोमध एक आडवी चीर होती, विळ्याची असावी. मी वहीत लाल शाईनं लिहिलं: विळा.

त्या नोंदीनंतर जमिनीवर अकरा वर्षं आजोबांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई सखू' असा शेरा आहे. अ.पा.क. म्हणजे तेच, अज्ञान पालन करणार. 1930 च्या एका फेरफारानं 'सज्ञान झालेने अ.पा.क. शेरा कमी' केला. चार एकर अकरा गुंठ्यांतलं एक गुंठासुद्धा त्या अकरा वर्षांत कमी झालं नाही. गहाणही नाही. भावकीच्या गराड्यात, पदरात सात वर्षांचं पोर असलेल्या एकट्या बाईनं ते कसं केलं असेल, हे कुठल्याही रकान्यात नाही.

इथे थांबले असते तर चाललं असतं. नाव मिळालं होतं. दादाला फोन केला, तो खूश. आत्याला केला, ती म्हणाली, "सखू? असंल बाबा." पण मला आंब्याची गोष्ट कागदावर बघायची होती. पणजोबा कुठल्या साली, कसे गेले ते.

जन्ममृत्यूची जुनी नोंद गाव नमुना 14 मध्ये असते. सगळे त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावोगावचे हे नमुने तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, आणि नकलेऐवजी आधी पाहणीचा अर्ज द्यावा, हे मला आता कळलं होतं. दरम्यान जानेवारीपासून मी ऑनलाइन मोडीचा वर्ग लावला होता. शनिवार-रविवार, दीड महिना, पंधराशे रुपये. अस्खलित वाचता येत नाही मला अजूनही. पण त्याची गरजच पडत नाही. आपल्या घरातली दहा-बारा नावं, गावाचं नाव, आडनाव आणि 'मयत', 'वलद' (हाही मुलगाच), 'कोम', 'बायको', 'मुलगा' एवढे शब्द वहीत शंभर-शंभर वेळा लिहून काढले, की पानावरून नजर फिरवताना ते आपोआप वर येतात. बाकीचं मग जाणकाराला दाखवायचं.

फेब्रुवारीत दोन दिवस रजा काढून गेले. गर्दी ओसरली होती. शिपाईमामांनी फडक्यात बांधलेला गठ्ठा आणून दिला. पानांच्या कडा पापडासारख्या तुटत होत्या, म्हणून पान बोटानं न उचलता खालून पोस्टकार्ड सारून उलटायचं, हे त्यांनीच शिकवलं. फोटो काढायची परवानगी अर्जातच मागून घ्या. मी मागितली नव्हती, त्यामुळे पहिला दिवस हातानं उतरवण्यात गेला. जेवणाच्या सुट्टीत खोलीला कुलूप लागतं, पाण्याची बाटली आत नेता येत नाही, आणि धुळीनं मला संध्याकाळपर्यंत शिंका सुरू झाल्या. मास्क न्यावा.

1919 चा फेरफार, म्हणजे मृत्यू त्याच्या थोडा आधी. 1918 चं बुक उघडलं. आंब्याचे दिवस म्हणून एप्रिल-मे-जून बघितलं. नाही. महिन्याला दोन-तीन मृत्यू, एखादं तान्हं मूल, एखादी म्हातारी. पुढे चाळत गेले. ऑक्टोबर आला आणि पान संपेना. एका तारखेला चार, दुसऱ्या दिवशी सहा. वयं वीस, पंचवीस, तीस. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, आणि नंतर नंतर लिहिणाराही कंटाळून नुसत्या दोन टिंबांची खूण करत गेलेला. त्या महिन्यातली नावं मोजताना चाळीसच्या पुढे मी मोजणं सोडलं. त्यातच ज्ञानू बिन तुकाराम, वय 28, कारणाच्या जागी तीच खूण.

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त मास्तर स्वतःच्या कामासाठी आले होते. त्यांना पान दाखवलं. एका नजरेत म्हणाले, "मानमोडी."

1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये मुंबईत आली, पावसाळ्याच्या शेवटी परत फिरली ती जास्त जहरी होऊन. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. धट्टीकट्टी माणसं तिनं आधी नेली.

मानमोडीनं मेला. मान मोडून मेला. शंभर वर्षांत साथ विसरली गेली आणि तिच्या जागी एक आंबा उगवला. मला तिथे बसल्या बसल्या हसू आलं, आणि शिपाईमामांनी "काय सापडलं?" विचारलं तेव्हा लगेच बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वेळ उरला होता, म्हणून आजोबांचा जन्म शोधला. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांचं साल 1912 होतं, तारीख अर्थात 1 जून. वडिलांचीही 1 जूनच. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस मास्तरांनी त्या दिवशी ठेवलाय, त्यावर विसंबू नये. खरी नोंद त्याच सालच्या फेब्रुवारीच्या पानावर सापडली. बापाचं नाव, जात कुणबी, मुलगा. आईच्या नावाला रकानाच नाही.

मग सवयीनं त्याच सालची मृत्यूची पानंही चाळली. कशासाठी ते माझं मलाच माहीत नव्हतं. मुलाच्या जन्मानंतर एकोणिसाव्या दिवशी एक नोंद: ज्ञानू बिन तुकाराम याची बायको. वय 18. बाळंतरोग.

नाव नाही. पुन्हा पुन्हा वाचलं. फोटो काढून जाणकारांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बरोबर वाचलंत. नाव लिहिलेलंच नाही."

म्हणजे सखू दुसरी. आणि फेरफारात 'सावत्र' असा शब्द कुठेही नाही, सरळ 'आई' लिहिलेलं.

गाडीत बसून पुण्याला येईपर्यंत मी ठरवत होते, हे आत्याला सांगायचं की नाही. आता वाटतं, थोडं थांबायला हवं होतं. निदान समोर बसून सांगायला हवं होतं. मी फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "सावत्र? कुणी सांगितलं तुला?" मी म्हटलं, कागदात आहे. "कागदात काय बी असतं. अण्णांनी, माझ्या बानं, आयुष्यात तिला आई सोडून दुसरी हाक मारली न्हाई. मसनवाटंतनं आलं तवा चार दिस जेवलं न्हाईत." आणि फोन ठेवला. महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून गोष्ट घ्यायची आणि काही महिन्यांनी तिलाच ती चुकीची होती म्हणून कागद दाखवायचा, यात काहीतरी उद्धटपणा आहेच.

मार्चमध्ये नानाचा फोन. "आक्का, हेळवी आलाय. आज रातीला थांबवून घेतलंय, लगोलग ये." तोच नाना.

हेळवी ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: दक्षिण महाराष्ट्रात सुगी झाली की कर्नाटकातून हे लोक येतात. पूर्वी नंदीबैलावर बसून यायचे, दारात उभं राहून घराण्याची वंशावळ म्हणायचे, बदल्यात धान्य, कापड, जमेल तसे पैसे. आमच्याकडे आलेले जीपनं आले होते आणि जाड वही प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. लहानपणी मी हे ऐकलं होतं, पण ते मागायचं एक सोंग असं समजत होते. सोप्यात दिवा लावून, सुपात गहू ठेवून ते म्हणायला लागले तेव्हा कुलदैवतापासून सुरुवात झाली, मग मूळ गाव, तिथून उठून कुठे आले, आणि मग नावं. तुकारामाच्या मागे आणखी सात पिढ्या. त्या सगळ्या खऱ्या की खोट्या ताडून बघायला माझ्याकडे कागद नाही, म्हणून त्या निळ्या शाईत आहेत. पण तुकाराम, ज्ञानू, पांडुरंग हा भाग कचेरीतल्या कागदाशी तंतोतंत जुळत होता, आणि त्यांनी ती कचेरी कधी पाहिलेली नव्हती.

ज्ञानूवर आल्यावर मी थांबवलं. "यांच्या बायका?"

त्यांनी वही दिव्याजवळ नेली. "दोन. पयली आळसंदची. दुसरी भाळवणीची, खानापूरची भाळवणी."

"नावं?"

"बायकांची नावं न्हाईत ओ बाई. कुठनं आणली, कुठं दिली, एवढंच लिवतो आमी."

नानानं गव्हाचं पोतं आणि एक हजार एक रुपये दिले. मी अर्धे द्यायला गेले तर म्हणाला, "असू दे. आमचा बी पणजाच हाय."

जूनमध्ये हाव सुटली आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातही जाऊन आले. लोक त्याला अजून पेशवे दप्तर म्हणतात. ओळखपत्र आणि विषय लिहून अर्ज दिला, मोडी कागदांचे कापडात बांधलेले रुमाल बघायला मिळाले. तारखा शुहूर सनात, तेही अरबी आकड्यांच्या नावांनी. 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, 1177. त्यात 599 मिळवले की 1776. साल मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे मधला कागद असेल तर 600 मिळवायचे. हे सगळं मजेचं होतं, आणि आमच्या घराबद्दल अक्षरही सापडलं नाही. तिथे रोज येणाऱ्या एका अभ्यासकांनी विचारलं, "वतन होतं? इनाम? पाटीलकीवरून तंटा?" काहीच नव्हतं. "मग अवघड. दप्तरात जे भांडले तेच राहिले." आमचे बहुधा भांडले नसावेत, किंवा भांडायलाच काही नसावं. तुमच्या घराण्यात वतनाचा वाद असेल तर मात्र तिथून सुरुवात करा.

एकूण खर्च प्रवास, नकला, मोडी वाचन, वर्ग धरून साडेसहा हजारांच्या आसपास. रजा आठ.

2024 च्या पितृपक्षात गुरुजी तेच आले, तसेच घाईत. आत्याला आणायला मीच गेले होते. गाडीत आम्ही पावसाबद्दल बोललो. आई, आजी झाली. "पणजी?" दादा म्हणाला, "सखूबाई." पाणी पडलं. गुरुजी पुढचं म्हणायला लागले तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली आत्या म्हणाली, "थांबा वाईच. आणि एकीला द्या. तिच्या आदीची हाय एक."

गुरुजींनी पळी परत भरली. "नाव?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"आळसंदकरीन म्हणा," आत्या म्हणाली.